एकावर १२० शून्ये आणि तुमची ओपनिंग

पट मांडला की पांढऱ्याकडे बरोबर २० चाली असतात. आठ प्यादी, प्रत्येकाला एक किंवा दोन घरे, म्हणजे १६. दोन घोडे, प्रत्येकाला दोन उड्या, म्हणजे ४. काळ्याकडेही तेवढ्याच. दोघांनी एकेक चाल केली की ४०० निरनिराळ्या स्थिती संभवतात. इथपर्यंतचा हिशेब वहीच्या दोन पानांत मावतो. पांढऱ्याच्या दुसऱ्या चालीनंतर वाटा होतात ८,९०२ आणि काळ्याच्या दुसऱ्या चालीनंतर १,९७,२८१. या जवळजवळ दोन लाख वाटांपैकी फक्त ८ वाटांवर डाव तिथेच संपतो: पांढरा जी-प्यादे दोन घरे आणि एफ-प्यादे एक किंवा दोन घरे पुढे ढकलून राजाचे दार उघडतो आणि काळा वजीर एच४ वर येऊन मात देतो. बाकी सगळीकडे खेळ सुरूच राहतो.

सेकंदाला एक वाट पाहायची असे ठरवले, झोप नाही, जेवण नाही, तर दोन-दोन चालींच्या सगळ्या वाटा सव्वादोन दिवसांत संपतात. तीन-तीन चालींच्या वाटा ११,९०,६०,३२४. त्यांना पावणेचार वर्षे लागतात. चार-चार चालींच्या ८४,९९,८९,७८,९५६. इथे सुमारे २,७०० वर्षे हवीत. पाच-पाच चालींच्या ६,९३,५२,८५,९७,१२,४१७ वाटा पाहून होईपर्यंत २२ लाख वर्षे उलटतात. आणि पाच चाली म्हणजे काय? बहुतेक डावांत तोवर किल्लेकोटही झालेला नसतो.

हे वाटांचे आकडे आहेत, स्थितींचे नाहीत. आधी घोडा आणि मग प्यादे किंवा आधी प्यादे आणि मग घोडा, अशा दोन वाटांनी एकाच ठिकाणी पोहोचता येते. म्हणून दोन-दोन चालींनंतर वाटा १,९७,२८१ असल्या तरी स्थिती सुमारे ७२ हजारच असतात. ओपनिंगच्या पुस्तकांत एका सुरुवातीतून दुसऱ्या सुरुवातीत शिरण्याच्या सूचना जागोजागी दिलेल्या असतात, त्या यामुळेच.

प्रत्येक पहिली चाल सारखेच दरवाजे उघडते असेही नाही. ई-प्यादे दोन घरे पुढे टाका: काळ्याचे उत्तर आणि तुमची दुसरी चाल धरून ६०० वाटा होतात. डी-प्यादे दोन घरे टाकले तर ५६०. तेच ए-प्यादे एक घर सरकवले तर ३८०. ई४ ने उंट आणि वजीर दोघेही मोकळे होतात, ए३ ने कोणीच होत नाही. पटाच्या मध्याची प्यादी आधी पुढे काढा, असे शिक्षक पहिल्याच आठवड्यात सांगतात, त्यामागचे कारण या तीन आकड्यांत दिसते.

एकं, दहं, शतं करत आपण लहानपणी जिथे थांबायचो तो परार्ध, म्हणजे एकावर १७ शून्ये. बुद्धिबळात पांढऱ्याची सातवी चाल झाली की वाटांची संख्या परार्धाच्या पुढे जाते. बेल लॅबोरेटरीजमधल्या क्लॉड शॅनन यांनी १९५० साली यंत्राला बुद्धिबळ कसे शिकवता येईल यावर जो लेख लिहिला, त्यात त्यांनी ढोबळ हिशेब मांडला होता: प्रत्येक वळणावर सरासरी ३० चाली, म्हणजे दोघांची एकेक चाल मिळून साधारण हजार शक्यता, डाव ४० चालींचा धरला तर हजाराला हजाराने ४० वेळा गुणायचे. उत्तर एकावर १२० शून्ये. सात परार्ध एकमेकांशी गुणले तरी एक शून्य कमीच पडते.

या आकड्याने नवख्याची छाती दडपते. ओपनिंग शिकायची म्हणजे हे सगळे पाठ करायचे, असे वाटून कित्येक जण पहिल्याच पुस्तकाच्या पंधराव्या पानावर खेळ सोडतात. मला त्यांना कळकळीने सांगावेसे वाटते की या गुणाकारातले निम्मे आकडे तुमच्या हातात आहेत. प्रतिस्पर्धी वीसपैकी कोणतीही चाल करील, पण तुम्ही एकच करणार आहात. पांढऱ्याने काय खेळायचे हे तुम्ही एकदा ठरवलेत की तुमच्या बाजूचा प्रत्येक ३० हा १ होतो. पाच-पाच चालींच्या ६९ लाख कोटी वाटांतून तुमच्या पाचही चाली ठरलेल्या धरा: उरतात ढोबळमानाने ८३ लाख. प्रतिस्पर्धी मूर्ख नाही, तो वजीर फुकट देणार नाही, दर वळणावर त्याच्याकडे विचार करण्याजोगी तीनच उत्तरे आहेत असे धरा: तीनाचा पाचवा घात, २४३. एका जाड वहीत मावतील इतक्याच या वाटा. ६९ लाख कोटींवरून २४३ पर्यंत आपण आलो ते केवळ निवड करून, पाठांतर अजून सुरूच झालेले नाही.

म्हणूनच कोणती ओपनिंग निवडायची हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. काही ओपनिंग समोरच्याच्या वाटा कमी करतात, काही वाढवतात. लंडन सिस्टीम घ्या: डी४, उंट एफ४ वर, ई३, सी३. काळा काहीही खेळो, पांढऱ्याची मांडणी जवळपास तीच राहते. या ओपनिंगला नाके मुरडणारे पुष्कळ आहेत, मला ते अन्यायाचे वाटते. नोकरी सांभाळून आठवड्याला चार तास देऊ शकणाऱ्या माणसासाठी ती अत्यंत शहाणपणाची निवड आहे. दुसऱ्या टोकाला सिसिलियन नायडॉर्फ. काळ्याने पाचव्या चालीला ए६ केले की पांढऱ्यासमोर उंट जी५, उंट ई३, उंट ई२, उंट सी४, एफ३, एफ४, जी३, एच३, ए४ अशा नऊ वाटा तरी गंभीरपणे खेळल्या जातात, आणि त्यांतल्या कित्येकींवर स्वतंत्र ग्रंथ आहेत. नायडॉर्फ निवडणाऱ्याने तीनाचा घात विसरावा आणि नऊपासून मोजायला सुरुवात करावी.

माणसांनी या रानाची मोजणीही करून ठेवली आहे. बेलग्रेडहून निघालेल्या ओपनिंगांच्या विश्वकोशाने सगळ्या सुरुवाती पाच खंडांत आणि ५०० क्रमांकांत बसवल्या, ए०० पासून ई९९ पर्यंत. हूपर आणि व्हाइल्ड यांच्या ऑक्सफर्डच्या बुद्धिबळकोशात नावे असलेल्या ओपनिंग आणि उपप्रकारांची यादी १,३२७ वर जाते. लिचेस या संकेतस्थळावर खेळले गेलेले ६०० कोटींहून जास्त डाव आज कोणालाही फुकट उतरवून घेता येतात. हा आकडा प्रचंड आहे खरा, पण चार-चार चालींच्या संभाव्य वाटा त्याच्या कितीतरी पट आहेत.

आता पाठांतराचा हिशेब. समजा तुम्ही एक लाइन २० चालींपर्यंत घोटून पाठ केलीत. समजा तुमचा प्रतिस्पर्धी दर दहा वेळांपैकी आठ वेळा पुस्तकातलीच चाल करतो. क्लबातल्या खेळाडूसाठी हा अंदाज मी उदारपणेच धरतो आहे. दहाव्या चालीपर्यंत तो पुस्तकात राहण्याची शक्यता दहा-अकरा टक्के. विसाव्या चालीपर्यंत राहण्याची शक्यता एक टक्क्याच्या जरा वर. म्हणजे नव्वदएक डावांत एकदा ते पाठांतर शेवटपर्यंत कामाला येईल. उरलेल्या सगळ्या डावांत सहाव्या, सातव्या, नवव्या चालीला समोरचा काहीतरी वेगळे करतो आणि तिथून पुढे तुम्हाला स्वतःच्या डोक्याने खेळावे लागते. त्या क्षणी पटावर जी स्थिती असते ती तुम्हाला मानवणारी आहे का, हाच ओपनिंग निवडण्याचा खरा निकष. कोणत्या लाइनीने किती टक्के डाव जिंकले, हे त्यानंतर पाहावे.

यंत्रालासुद्धा हे चुकलेले नाही. १९९७ चा आयबीएमचा बुद्धिबळ-संगणक डीप ब्लू सेकंदाला सुमारे २० कोटी स्थिती तपासत असे. त्या वेगाने पाच-पाच चालींच्या सगळ्या वाटा एकेक करून पाहायच्या तर त्यालाही चार दिवस लागले असते, सहा-सहा चालींच्या पाहायला दहा वर्षे. म्हणून आयबीएमच्या चमूने त्याला सुमारे ४,००० स्थितींचे ओपनिंगचे पुस्तक दिले आणि त्याच्या मागे ग्रँडमास्टरांच्या ७ लाख डावांचा साठा ठेवला. ११ मे १९९७ रोजी न्यूयॉर्कमध्ये सहाव्या, निर्णायक डावात गॅरी कास्पारॉव्ह काळ्या मोहऱ्यांनी बसले होते. जगाला माहीत असलेले कास्पारॉव्ह म्हणजे सिसिलियन, किंग्ज इंडियन, हल्ला आणि वेग. त्या दिवशी त्यांनी कारो-कान निवडली, शांत आणि भक्कम म्हणून नावाजलेली. सातव्या चालीला त्यांनी एच६ करून जी५ वरच्या घोड्याला हुसकले. घोडा मागे गेला नाही. त्याने ई६ वरचे प्यादे मारले. ही चाल डीप ब्लूने शोधून काढलेली नव्हती, ती त्याच्या पुस्तकातच होती. काळ्याने वजीर ई७ वर आणला, मग तो घोडा प्याद्याने घेतला, आणि लगेच पांढऱ्या उंटाने जी६ वरून शह दिला. राजा डी८ वर सरकला. किल्लेकोट गेला, वजीर आणि काळ्या घरांवरचा उंट एकमेकांच्या पायात अडकले. कास्पारॉव्ह यांच्यासारख्याला दुसऱ्या बाजूने ही स्थिती मिळाली असती तर त्यांनी तिचे सोने केले असते. पण बचाव करत, मोहरा जास्त असूनही गुदमरत बसणे हा त्यांचा पिंड नव्हता. १९ चालींत त्यांनी डाव सोडला आणि सामना ३½–२½ असा यंत्राने जिंकला. आपल्या स्वभावाला सोडून समोरच्याच्या स्वभावाचा विचार करून ओपनिंग निवडली की काय होते, याचे यापेक्षा ठसठशीत उदाहरण मला माहीत नाही.

तीन वर्षांनी, २००० च्या ऑक्टोबरात, लंडनमध्ये हाच धडा दुसऱ्या बाजूने गिरवला गेला. कास्पारॉव्ह १९८५ पासून जगज्जेते होते. समोर २५ वर्षांचे व्लादिमीर क्रामनिक. पांढऱ्या मोहऱ्यांनी कास्पारॉव्ह यांचे ठेवणीतले शस्त्र होते रुय लोपेझ, आणि क्रामनिक यांनी त्यावर काढला बर्लिन बचाव, एकोणिसाव्या शतकातला, उच्च पातळीवर जवळपास अडगळीत पडलेला. आठव्या चालीला दोन्ही वजीर पटावरून गेलेले असतात. ती स्थिती डोळ्यांसमोर आणा. काळा राजा डी८ वर, पटाच्या मध्यात, किल्लेकोटाचा हक्क गेलेला. सी-पट्टीवर काळ्याची दोन प्यादी एकामागे एक. राजाच्या बाजूला काळ्याच्या तीन प्याद्यांसमोर पांढऱ्याची चार; सगळे मोहरे पटावरून उचलून फक्त प्यादी आणि राजे ठेवले तर पांढऱ्याचे पारडे जड. वरवर पाहता पांढरा सुखी. पण काळ्याकडे दोन्ही उंट आहेत, त्याच्या तटबंदीत शिरायला वाट नाही आणि वजीर नसल्यामुळे मध्यात अडकलेल्या राजाला कोणी हात लावू शकत नाही. जिथे चाळीस चाली हळूहळू, इंचाइंचाने दाबत जायचे, अशा या स्थितीत क्रामनिक घरच्यासारखे होते. कास्पारॉव्ह यांना हवा होता वजिरांसह उसळणारा पट. सामन्यात बर्लिन चार वेळा आला आणि चारही डाव बरोबरीत सुटले. १५ डावांत कास्पारॉव्ह यांना एकही डाव जिंकता आला नाही. क्रामनिक यांनी दोन जिंकले, ८½–६½.

क्रामनिक यांनी शॅननच्या अफाट वृक्षातली अशी एक फांदी निवडली की जिच्यावर आपल्याला बसता येते आणि समोरच्याला नाही. मला वाटते, शैलीला साजेशी ओपनिंग याचा अर्थ एवढाच आहे, आणि तो फार थोड्यांना सांगितला जातो.

या क्रामनिक यांच्यावरच २००८ साली बॉनमध्ये तीच युक्ती उलटली. विश्वनाथन आनंद आयुष्यभर प्रामुख्याने ई४ चे खेळाडू. सगळ्या जगाची, आणि क्रामनिक यांची, तयारी त्या एका चालीभोवती. आनंद यांनी पीटर हाइने निल्सन, रुस्तम कासिमजानॉव्ह, राडोस्लाव वोय्ताशेक आणि कोलकात्याचे सूर्यशेखर गांगुली यांच्यासह तयारी केली आणि सामन्यात डी४ खेळायला सुरुवात केली. चाल बदलली, पण पिंड बदलला नाही, हे लक्षात घ्यावे: त्यांनी डी४ च्या विश्वातले तुफान वाऱ्याचे कोपरे शोधले. काळ्या मोहऱ्यांनी तर त्यांनी सेमी-स्लाव्हमधली मेरान लाइन घेतली आणि चौदाव्या चालीला उंट बी७ वर नेला. बी५ चे प्यादे सोडून दिले, राजा मध्यातच ठेवला आणि त्याबदल्यात जी-पट्टी व लांब कर्ण पांढऱ्या राजाच्या दिशेने उघडले. तिसऱ्या डावात ते जिंकले. पाचव्या डावात क्रामनिक त्याच वाटेने पुन्हा आले, आनंद यांनी चौदाव्या चालीला उंट पुन्हा बी७ वर नेला आणि पुन्हा जिंकले. काळ्याची चौदावी चाल म्हणजे पटावरची एकूण २८ वी. शॅनन यांच्या ३० च्या हिशेबाने तोवरच्या वाटा एकावर ४१ शून्ये इतक्या. त्यांतली नेमकी एक वाट महिनोन् महिने घरी तपासून, दोनदा, जगज्जेतेपदाच्या सामन्यात वापरली गेली. आनंद ६½–४½ असे जिंकले.

आपल्या मातीत ही गोष्ट आणखी मागे जाते. जुन्या देशी खेळात प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर सरकत असे. प्यादी आणि घोडे एवढाच हिशेब केला तर पहिल्या चाली २० ऐवजी १२ आणि दोघांच्या मिळून ४०० ऐवजी १४४ होतात. मध्यात धाडकन प्यादे रोवता येत नसेल तर माणूस काय करील? उंट कडेने, जी७ सारख्या घरातून, लांब कर्णावर बसवील आणि समोरच्याला मध्य घेऊ देऊन मग त्यावर तुटून पडेल. कोलकात्यात महेशचंद्र बॅनर्जी १८५० च्या दशकात जॉन कॉक्रन यांच्याविरुद्ध युरोपीय नियमांनी असेच खेळत. त्यांच्या १८५५ च्या एका डावात जी मांडणी दिसते, तिला पुढे १९२२ मध्ये ती खेळलेल्या अर्न्स्ट ग्रुनफेल्ड यांचे नाव मिळाले. किंग्ज इंडियन, क्वीन्स इंडियन, निम्झो-इंडियन या नावांतला इंडियन तिथून आला. पुढे १९२९ मध्ये पंजाबातून लंडनला गेलेले सुलतान खान हेही देशी नियमांत वाढलेले. ओपनिंगचे ग्रंथ त्यांनी वाचलेले नव्हते. पाच वर्षांत त्यांनी ब्रिटिश अजिंक्यपद तीनदा जिंकले आणि हेस्टिंग्जला कापाब्लांका यांना हरवले. सुरुवात साधी करून ते मधल्या डावात आणि अखेरीत माणसाला पिळून काढत.

मग स्वतःची शैली ओळखायची कशी? विचारले तर जवळपास प्रत्येक तरुण खेळाडू सांगतो की मी आक्रमक आहे. त्यावर विश्वास ठेवू नका, वहीवर ठेवा. तुमचे हरलेले डाव काढा आणि प्रत्येकाची पंधरावी चाल झाल्यानंतरची स्थिती पटावर मांडा. वजीर पटावर आहेत का? मध्याची प्यादी एकमेकांत अडकली आहेत की मारामारी होऊन पट्ट्या उघड्या पडल्या आहेत? दोन्ही राजे एकाच बाजूला आहेत की विरुद्ध? आणि तिथून पुढे तुम्ही घड्याळाची मिनिटे कुठे जाळलीत? बंद स्थितीत योजना न सुचून वेळ गेला असेल तर फ्रेंच आणि किंग्ज इंडियन काही काळ बाजूला ठेवा. उघड्या पटावर तीन चाली पुढचे दिसेनासे झाले असेल तर सिसिलियन ड्रॅगनच्या वाटेला जाऊ नका. तिथे विरुद्ध बाजूंना किल्लेकोट होतात आणि एक संथ चाल डाव घालवते. प्याद्यांच्या अखेरीत तुम्ही जिंकत असाल तर कारो-कान तुम्हाला दर आठवड्याला तिथे नेऊन सोडील. लहान मुलांच्या बाबतीत मात्र माझे मत ठाम आहे: पहिली दोनेक वर्षे त्यांना शैली नसतेच. त्यांना ई४ ई५ च्या उघड्या पटावर मार खाऊ द्या, मार देऊ द्या. नऊ वर्षांच्या मुलाकडून नायडॉर्फच्या वीस-वीस चाली घोटून घेणे म्हणजे नव्वदात एकदा उपयोगी पडणाऱ्या गोष्टीसाठी उरलेल्या एकोणनव्वद डावांची तयारी बुडवणे.

मोठ्यांना तीन गोष्टी पुरतात: पांढऱ्याने एक सुरुवात, काळ्याने ई४ ला एक उत्तर आणि डी४ ला एक. समोरच्याच्या पाच चालींपर्यंत, दर वळणावर तीन शक्यता धरून, प्रत्येकीच्या २४३ वाटा, तिन्ही मिळून ७२९. रोज एक वाट पटावर मांडून पाहायची, ती जिथे संपते तिथे थांबून पुढची योजना स्वतःच्या शब्दांत वहीत लिहायची, तर सगळ्या वाटा दोन वर्षांत पुऱ्या होतात. क्रम बदलून एकाच स्थितीला येणाऱ्या वाटा बऱ्याच असतात, त्या वगळल्या तर त्याआधीही. ज्या पानांवर तुम्हाला योजना लिहिताच येत नाही, ती पाने एका ओपनिंगमध्ये फार साचू लागली, तर ती ओपनिंग बदला.